दोन पायऱ्यांची परीक्षा

मढीहून आणलेल्या रेवड्या चांगुणाबाईंनी स्वतःच्या हातानं वाटल्या. त्र्याहत्तरच्या त्या फाल्गुनात यात्रेत माणसांपेक्षा धूळच जास्त होती. मलिद्याला गूळ मिळेना म्हणून कितीकांनी नुसती भाकरी कुस्करून कानिफनाथापुढं ठेवली होती. तरीही चांगुणाबाई पदराच्या गाठीत पावशेर रेवड्या बांधून आल्या, कारण त्यांची थोरली सून परीक्षेत पास झाली होती.

"पास झाली" हा शब्द त्यांचाच. सोमवारी नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी भागिरथीला लाकडाच्या दोन पायऱ्या दाखवल्या. एका बाजूनं चढायचं, दुसऱ्या बाजूनं उतरायचं, वळायचं आणि पुन्हा चढायचं. असं तीन मिनिटं. लहानपणी आलेल्या सांधेतापानं तिच्या काळजाची एक झडप आखडली होती, आणि दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात मूल गेल्यापासून ते काळीज रक्त ओढायला कमीच पडू लागलं होतं. ते किती कमी पडतंय आणि पुढं किती दिवस रेटेल, हे या पायऱ्यांवरून डॉक्टर ताडत. भागिरथीनं तीन मिनिटांत तीस फेऱ्या मारल्या. एकदाही थांबली नाही. सासरे रंभाजी आबा सोबत होते, त्यांनी स्वतः मोजल्या. मग चांगुणाबाईंनी हिशेब केला तो सरळ होता: पोरगी धड आहे, यंदा नाही तर पुढच्या साली पाळणा हलेल.

गुरुवारी दुपारी भागिरथीचा थोरला भाऊ मच्छिंद्र आला, तेव्हा त्याच्याही हातावर रेवड्या पडल्या. तो मूळचा काष्टीचा, श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. नगरच्या या डॉक्टरांचं नाव त्यानंच काढलं होतं. त्यानं रेवडी तोंडात टाकली नाही, ओसरीच्या कडेला ठेवली.

"कशाच्या रेवड्या, मावशी?"

"तुमची बहीन पास झाली न्हवं!"

"मी नगरवरनंच आलोय," मच्छिंद्र म्हणाला. "डॉक्टरला भेटून. पास झाली म्हनूनच घात झालाय."

घोंगडीवर बसलेल्या रंभाजी आबांनी अडकित्ता खाली ठेवला. पासष्टीचा माणूस, ताठ, पंचक्रोशीत शब्दाला वजन असलेला. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजू ज्याला बोलावतात असा.

"नीट सांगा, पाव्हणं," ते म्हणाले.

मच्छिंद्रनं नीट सांगितलं. पुण्याला पावसाळ्याच्या आधी आठ जणांची ऑपरेशनं व्हायची होती. छाती उघडून, बोट घालून झडप मोकळी करायची. आठ खाटा आणि माणसं चाळीस. जे दहा फेऱ्यांच्या आत थांबतात त्यांचं काळीज थकलेलं, त्यांचा नंबर आधी. जे तीन मिनिटं थांबतच नाहीत ते दिवाळीनंतर आले तरी चालतील. यादी शुक्रवारी दुपारच्या टपालानं पुण्याला जाणार होती.

"मंग दिवाळीनंतर जाईल की," चांगुणाबाई म्हणाल्या. "दिवाळी काय पळून चाललीय?"

"दिवाळी न्हाई पळत, मावशी. बहीन पळंल." मच्छिंद्रचा आवाज चढला. "मी डॉक्टरला म्हनलं, संक्रांतीला ही माझ्या घरी हुती. ओट्यावरनं परसात जाईस्तवर दोनदा बसली. तीस फेऱ्या कशा मारल्या? डॉक्टरनी चष्मा काढून ठिवला. म्हनले, मी एका बाळंतिणीकडं धावलो हुतो, मोजायला सिस्टर हुती. उद्या सकाळी आना, परत घेतो, मी सोता उभा ऱ्हातो. सातची गाडी धरली तर यादी जायच्या आत हुतंय."

"म्हंजी पास झालेल्या पोरीला नापास करून आनायची?"

"ही शाळा हाय का? कारखान्यात आमी बॉयलरला दाब दिऊन बघतो, कुठं गळतंय ते कळावं म्हनून. गळती दडवली तर बॉयलर फुटतो, अन् शेजारची मानसं मरत्यात."

"माझी सून म्हंजी बॉयलर न्हाई," चांगुणाबाई म्हणाल्या आणि रेवड्यांची गाठ पुन्हा बांधू लागल्या. त्यांना हा माणूस कधीच आवडला नव्हता. बहिणीच्या घरी येताना जो नेहमी काहीतरी शिकवायला येतो, तो पाहुणा कुणाला आवडेल? आणि मनातून त्या भ्यायल्या होत्या. पुण्याला छाती फाडलेली बाई घरी परत येते का, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात जालिंदर आला. भागिरथीचा नवरा. दुष्काळी कामावर, पाझर तलावाच्या मातीवर, तो हजेरी घेत असे. डोक्यापासून पायापर्यंत धुरळा. त्यानं मेव्हण्याला पाहिलं, आईचा चेहरा पाहिला, वडिलांचा पाहिला, आणि हातपाय धुवायला लोटाभर पाणी घेऊन मुद्दाम वेळ लावला. जालिंदरचा सगळा जन्म असा, भांडण होऊन गेल्यावर पोचायचं. सोमवारीही त्यानंच म्हटलं होतं, हजेरीला दुसरा माणूस नाही, आबा तुमीच जा. खरं तर एका दिवसाची रजा मिळाली असती. पण डॉक्टरांच्या तोंडून काय ऐकावं लागेल याची त्याला धास्ती होती.

"दाजी," मच्छिंद्र म्हणाला, "उद्या सातच्या गाडीनं भागीला घेऊन चला."

"आबा काय म्हनत्यात?"

"बायको तुमची हाय."

"व्हय, पन आबा हुते न्हवं संगं. त्यांनी बघितलं."

"म्या बघितलं," रंभाजी आबा म्हणाले. आवाज खाली होता, आणि घरातल्यांना माहीत होतं की असा आवाज म्हणजे रागाची सुरुवात. "तीस. म्या बोटावर मोजल्या. डॉक्टर माघारी आला, त्यानं इचारलं दम लागला का. म्या सांगितलं, न्हाई लागला, एकदाबी थांबली न्हाई. आता उद्या जाऊन काय सांगायचं? म्हातारा खोटं बोलला?"

"डॉक्टरनी तुमाला इचारलं हुतं, का तिला, आबा?"

जालिंदरनं मेव्हण्याकडं पाहिलं. त्याला वाटलं, हा प्रश्न आपण विचारायला हवा होता. मग वाटलं, बरं झालं आपण विचारला नाही.

"परपुरुषाच्या खोलीत सून एकटी सोडू व्हय?" आबा म्हणाले. "डॉक्टर म्हनत हुता बाहेर बसा. म्या म्हनलं, मी दारात उभा ऱ्हातो. उभा ऱ्हायलो. त्यात काय चुकलं?"

आत माजघरात, दाराच्या चौकटीमागं, दोघी सुना उभ्या होत्या. पुढं धाकटी मुक्ताबाई, तिच्यामागं भागिरथी.

मुक्ताबाईला जावेचा राग होता, आणि तो रास्त होता. तिचा नवरा पुण्याला गिरणीत, ती इथं. टँकरचं पाणी तिनं आणायचं, दळण तिनं दळायचं, शेण तिनं काढायचं, आणि थोरलीनं चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या. दोन वर्षं ती सासूच्या कानाशी लागत आली होती, की जाऊबाईंचं दुखणं कामापुरतं आहे. सोमवारच्या तीस फेऱ्यांनी ते खरं ठरलं होतं. तिनं जिंकायला हवं होतं. पण रेवडी तिच्याही घशाखाली उतरली नव्हती.

कारण तिला एक गोष्ट ठाऊक होती, जी घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हती.

"आत्याबाई," ती दारातूनच म्हणाली. सासऱ्याशी सुनांनी थेट बोलायचं नाही, म्हणून सासूच्या नावानं बोलायचं आणि सासऱ्यानं ऐकायचं, अशी त्या घराची रीत. "जाऊबाई आडव्या व्हत न्हाईत."

"म्हंजी?"

"आडवं झालं की त्यांचा जीव गुदमरतो. रातभर कणगीला टेकून बसत्यात. पहाटं मी दळायला उठते तवा बसल्याच असत्यात. यंदा कणगी रिकामी, ती मागं सरकायची. म्हनून म्या तिच्यात धोंडे टाकल्यात. चार. बघा जाऊन."

दाणे नसलेल्या कणगीत धोंडे कुणी टाकले, हे चांगुणाबाईंनी महिन्याभरापूर्वी विचारलं होतं. तेव्हा मुक्ताबाईनंच सांगितलं होतं, उंदीर शिरतात म्हणून.

"तू मला हे आत्ता सांगतीस?"

"तवा राग हुता," मुक्ताबाई म्हणाली. "आत्ताबी हाय. पन धोंडे म्याच टाकले." मग तिनं खालचा ओठ दातात धरला आणि पुढचं बोलून टाकलं. "आत्याबाई, त्या डॉक्टरच्या खोलीत खुर्ची हुती का? बसायला?"

"मला काय म्हाईत?"

"मामांना इचारा."

"हुती," आबा म्हणाले. "मग?"

"मामा दारात उभे असताना जाऊबाई खुर्चीवर बसल्या असत्या का?"

हा प्रश्न इतका साधा होता की त्याचा अर्थ लागायला वेळ गेला. त्या घरात सासरा उभा असताना सून बसत नसे. सासरा बसला असताना तर नसेच. आबा घरात शिरताना उंबऱ्यावर खाकरत, आणि तो आवाज ऐकला की हातातलं टाकून सुना उठत, पदर कपाळाखाली ओढत. नऊ वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. लग्नाकार्यात आबा हे अभिमानानं सांगत.

मच्छिंद्र एकदम उभा राहिला. "सिस्टर म्हनत हुती, बाईनं तोंडावरचा पदर काढलाच न्हाई. ओठ निळं पडलं का न्हाई, दिसलंच न्हाई म्हनाली. आबा, तुमच्यापुढं ती मरंपतूर फेऱ्या मारंल! थांबा म्हनायला तिला कुनी शिकीवलंय?"

"पाव्हणं, आवाज खाली."

"दाजी, तुमी तरी बोला!"

जालिंदरनं तोंड उघडलं. "मला काय वाटतं..." तो म्हणाला, आणि वडिलांकडं पाहून थांबला. त्याला काय वाटतं हे त्या दिवशी कुणाला कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही.

रंभाजी आबांच्या मानेची शीर फुगली होती. धाकट्या सुनेनं, पाहुण्यासमोर, त्यांनाच कोंडीत धरलं होतं. "एवढं कशाला?" ते म्हणाले. "जिचं काळीज हाय तिलाच इचारू. सुनबाई!"

नऊ वर्षांत त्यांनी तिला थेट हाक मारली ती ही पहिली.

भागिरथी चौकटीशी आली. पदर हनुवटीपर्यंत. उजवा हात चौकटीवर, म्हणजे तोल सांभाळता येतो आणि कुणाला कळत नाही.

"खरं सांग. सोमवारी दम लागला हुता का?"

सोमवार तिच्या डोळ्यांपुढंच होता. पाथर्डीहून निघालेल्या गाडीत एकच जागा मिळाली होती. आबांनी ती तिला दिली. चांगल्या मनानं दिली, त्यात शंका नाही. पण ते उभे, तर ती कशी बसणार? दोघंही नगरपर्यंत उभे राहिले, आणि त्या जागेवर एक माणूस मांडीवर करडू घेऊन झोपून गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, "जास्त फेऱ्या म्हणजे बक्षीस नाही बाई, दम लागला की थांबा म्हणायचं, खुर्चीत बसायचं." तिला ते पटलं होतं. सातव्या फेरीला छातीत ढोल वाजू लागला. नवव्या फेरीला तिनं खुर्चीकडं पाहिलं, आणि खुर्चीच्या पलीकडं दारात आबांचे जोडे दिसले. पुढच्या एकवीस फेऱ्या तिनं त्या जोड्यांकडं बघत मारल्या. संपल्यावर तोंडात रक्ताची चव आली होती. ती तिनं पदरात पुसली.

आता फक्त "व्हय" म्हणायचं होतं. एक शब्द. दादा वाट बघत होता. पण तो शब्द म्हटला, की आबा डॉक्टरांशी खोटं बोलले असं ठरत होतं, तेही तिच्या माहेरच्या माणसासमोर. ज्या माणसानं तिला बसायला जागा दिली होती, त्याची मान तिच्या तोंडून खाली गेली असती. एवढं मोठं पाप करायला तिच्या अंगात ताकद नव्हती.

"न्हाई, मामा," ती म्हणाली. "न्हाई लागला."

"भागे!" मच्छिंद्र ओरडला.

"न्हाई लागला, दादा."

मच्छिंद्रनं तिच्याकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच तो नको ते बोलून गेला. "तुझ्या मातीला मी यायचा न्हाई." त्यानं पिशवी उचलली आणि तो फाट्याकडं चालू लागला. गाडीला अजून दोन तास होते.

चांगुणाबाईंनी ओसरीवरची त्याची रेवडी उचलून गाठीत टाकली. "झालं समाधान?" त्या कुणाकडंही न बघता म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी कणगीत हात घातला, आणि बराच वेळ तो बाहेर काढला नाही.

रंभाजी आबा मळ्यातल्या विहिरीवर गेले. विहिरीत पाणी नव्हतं, तिथं काही कामही नव्हतं. त्यांचा शब्द खरा ठरला होता, आणि त्यांना बरं वाटत नव्हतं.

विहिरीवर मोटेचं पाणी जिथं ओतायचं, त्या थारोळ्याला दगडाच्या दोन पायऱ्या होत्या. मोटेच्या काळात त्यांच्या बापानं बसवलेल्या. आबा त्यांच्याकडं पाहत राहिले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं, धोतराचा सोगा खोचला आणि चढले. पलीकडं उतरले. वळले. एक. पुन्हा चढले. दोन. रोज दोन कोस चालणारा माणूस, दहापर्यंत काहीच वाटलं नाही. चौदाला मांड्या भरून आल्या. एकोणिसाव्या फेरीला श्वास घशात अडकला आणि ते तिथंच थारोळ्याच्या कडेवर बसले. बसायचं असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं. दम लागला म्हणून माणूस बसला, एवढंच. बसून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की त्या सिस्टरनं सोमवारी तीन वेळा खुर्चीकडं बोट केलं होतं, आणि तिन्ही वेळा सून बसली नाही म्हणून त्यांची छाती फुगली होती.

तिच्या पदराचं टोक तेव्हा थरथरत होतं. त्यांनी ते पाहिलं होतं. पंखा चालू असेल असं त्यांना वाटलं होतं. खोलीत पंखा नव्हता.

ते तसेच उठून फाट्यावर गेले. मच्छिंद्र बाभळीखाली पिशवीवर बसला होता. आबांनी त्याच्याशी काय बोलायचं हे वाटेत दहा वेळा जुळवलं, आणि शेवटी एवढंच म्हणाले, "मुक्काम करा, पाव्हणं. उद्या सातच्या गाडीनं तिला घेऊन जा. जालिंदर येईल. न्हाई आला तर तुमी एकले न्या. म्या येत न्हाई. डॉक्टरला म्हनावं, म्हातारा खोटं बोलला."

मच्छिंद्रनं होकाराची मान हलवली. क्षमा त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, आणि आबांनी ती मागितलीही नाही.

घरी परतताना ऊन उतरलं होतं. हे आपणच सुनेला सांगायचं, आता, लगेच, असं ठरवून आबा मच्छिंद्रला बराच मागं टाकून भराभरा उंबऱ्यापाशी आले आणि सवयीनं खाकरले.

आतून बांगड्या वाजल्या.

नऊ वर्षं तो आवाज त्यांनी ऐकला होता. आज पहिल्यांदा ते तो ऐकत उभे राहिले. कणगीवर तळवा टेकल्याचा आवाज. एक श्वास, खरवडून ओढल्यासारखा. मग दुसरा. कणगीतले धोंडे एकमेकांवर घासले. आबा मोजत होते. तिला उभं राहायला अकरा श्वास लागले.

ते आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "मुक्ताबाई, तिला म्हनावं, उद्या भावासंगं नगरला जायचंय. म्या न्हाई तिथं. दम लागला की थांबायचं."

"सांगते, मामा."

"अन् तिला म्हनावं, बस."

मग भागिरथीचा आवाज आला, श्वासाश्वासात तुटलेला, जावेच्या कानाशी बोललेला, पण त्या सामसूम घरात बाहेरपर्यंत पोचलेला.

"मामा दारात हायेत न्हवं, बाई. कशी बसू?"

रंभाजी आबांनी पायांतले जोडे काढून हातात घेतले, पावलांच्या आवाजानं तिला उभं राहावं लागू नये म्हणून, आणि ते अंगणातून लांब, लांब चालत गेले.